दोन वर्षांचा आयटीचा अभ्यासक्रम: वर्गात सगळं कळतं, घरी पाटी कोरी

उशिरा_आलेली:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय. चूकभूल पदरात घ्या.

वय ३८. चौदा वर्षं हिशेबाचं काम केलं आणि अजूनही अर्धवेळ करते. गेल्या वर्षी धीर करून दोन वर्षांच्या आयटी पदवीला नाव घातलं. पहिलं सत्र कसंबसं निघालं, दुसरं चालू आहे. पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा, नेटवर्किंग, ऑपरेटिंग सिस्टिम आणि डेटाबेस असे चार विषय. परीक्षेला पाच आठवडे उरलेत.

अडचण अशी की वर्गात शब्द न् शब्द कळतो. मान हलते, वही भरते. रात्री घरी रिकाम्या स्क्रीनसमोर बसलं की पहिली ओळ सुचत नाही. सबनेटिंगचं, म्हणजे नेटवर्कचे पत्ते लहान गटांत वाटायचं, तर विचारूच नका. सर फळ्यावर करतात तेव्हा पाढे म्हणण्याइतकं सोपं वाटतं, घरी आकडे बदलले की गाडी ठप्प. परवा द्विमान संख्या, म्हणजे नुसत्या ० आणि १ मध्ये लिहिलेल्या, करत होते, तर सहावीतला लेक खांद्यावरून डोकावून म्हणाला, "आई, १०१० म्हणजे दहा ना? तू बारा लिहिलंयस." त्याचंच बरोबर होतं.

प्रश्न दोन. एक, हा अभ्यास नेमका करायचा कसा? दुसरा जरा नाजूक आहे. वर्गातली बाकीची मुलं १८-१९ वर्षांची, बोटं कीबोर्डवर नुसती उडतात त्यांची. माझ्यासारखीने या फंदात पडायलाच नको होतं का?

गोगलगाय:
रेकॉर्ड केलेले तास घरी परत बघता का?

उशिरा_आलेली:
हो, रोज. दीडपट वेगाने. का हो?

गोगलगाय:
तिथंच घोडं पेंड खातंय.

शून्यवादी:
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. दोन वर्षांची पदवी म्हणजे धड ना इकडे धड ना तिकडे. सगळं शिक्षण नेटवर फुकट पडलंय. मी एकही वर्ग न करता सात वर्षं या धंद्यात आहे. दोन वर्षांत तुम्ही जे शिकाल ते पदवी हातात येईपर्यंत शिळं झालेलं असेल.

बिनतारी:
आले! आयटीचा धागा आणि शून्यवादी नाहीत, असं कधी व्हायचं नाही.

सर्किटराव:
ताई, नेटवर्कमध्ये वीस वर्षं झाली मला. सबनेटिंगला रडला नाही असा माणूस मी तरी बघितलेला नाही. जे नाही म्हणतात ते विसरलेत. एक उदाहरण सांगतो, कागद-पेन्सिल घ्या. कॅल्क्युलेटर ड्रॉवरमध्ये.

नेटवर्क १९२.१६८.१.०, मास्क /२६. म्हणजे पत्त्याच्या ३२ बिटांपैकी (बिट म्हणजे एक ० किंवा १) २६ नेटवर्कचे आणि उरलेले ६ यंत्रांचे. २ चा सहावा घात ६४. झालं, ६४-६४ चे ठोकळे पाडा: ०, ६४, १२८, १९२. प्रत्येक ठोकळ्यातला पहिला पत्ता त्या नेटवर्कचं नाव आणि शेवटचा ब्रॉडकास्ट, म्हणजे सगळ्यांना एकदम निरोप द्यायचा. हे दोन कुणाला द्यायचे नाहीत, म्हणून वापरायला उरतात ६२.

आता १९२.१६८.१.१०० हे यंत्र कुठे बसतं? १०० च्या खालचा जवळचा ठोकळा ६४, वरचा १२८. म्हणजे नेटवर्क ६४, ब्रॉडकास्ट १२७ आणि वापरायचे पत्ते ६५ ते १२६. मास्क २५५.२५५.२५५.१९२ असा दिला असेल तर २५६ मधून १९२ वजा करा, तोच ६४ चा ठोकळा हाती येतो.

अशी रोज दहा गणितं, पंधरा दिवस. दुसरी कुठली युक्ती मला ठाऊक नाही. आणि हा गृहपाठ: /२६ मध्ये एका यंत्राला १९२.१६८.१.६४ हा पत्ता दिला तर चालेल का?

टॅब_की_स्पेस:
मी त्या १९ वर्षांच्या मुलांपैकीच एक (तुमच्या वर्गातला नाही, पण तसाच). एक गुपित सांगतो. बोटं उडतात ती निम्मा वेळ लिहिलेलं पुसण्यासाठी. आमच्या वर्गात एक काका आहेत, पंचेचाळिशीचे. प्रश्न कागदावर लिहून काढल्याशिवाय ते कीबोर्डला हात लावत नाहीत. सुरुवातीला आम्ही हसायचो. आता प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी सगळे त्यांच्या भोवती असतात.

गोगलगाय:
मघाशी घाईत होतो. घोड्याचा उलगडा करतो.

धडा परत बघितला की ओळखीचा वाटतो, आणि ओळख पटली की आपल्याला येतंय असं वाटायला लागतं. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी यांनी यावर एक प्रयोग केला होता. विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी एकदाच वाचून मग आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर उतरवलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर उलटं, आठवून लिहिणारे पुढे. तुमचा "वर्गात कळतं" म्हणजे ती पाच मिनिटांनंतरची चाचणी आहे.

रेकॉर्डिंग बंद. वही मिटा. सरांनी फळ्यावर काय केलं ते कोऱ्या कागदावर उतरवा. जिथे अडाल तेवढंच उघडून बघा. पहिला आठवडा फार अपमानास्पद जातो, आधीच सांगून ठेवतो.

शून्यवादी:
हे सगळं पदवीशिवायही करता येतंच की.

अनुभवी_नवशिकी:
शून्यवादी, तुमच्याशी अर्धी सहमत. मी नोकरीच्या मुलाखती घेणाऱ्यांतली आहे. निव्वळ पदवी बघून कुणाला घेत नाही, तशीच नाही म्हणून कुणाला परतही पाठवत नाही. पण स्वतःचं स्वतः शिकलेल्यांत एक गोष्ट हमखास दिसते. जे आवडलं ते खोलवर येतं आणि जे कंटाळवाणं होतं तिथे भोकं. पाच फ्रेमवर्क येतात, पण डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून आकडी पत्ता शोधून देणारी यंत्रणा) म्हणजे काय विचारलं की सारवासारव. अभ्यासक्रम तुम्हाला कंटाळवाणे विषयही क्रमाने गिळायला लावतो. त्याचा मला दिसणारा फायदा एवढाच, पण तो लहान नाही.

माझा पहिला प्रश्न ठरलेला: ब्राउझरमध्ये पत्ता टाकून एंटर दाबलं, पान दिसेपर्यंत काय काय घडतं? कुणी दोन वाक्यांत संपवतो. कुणी डीएनएसपासून सुरू करतो, मग टीसीपीचं तीन टप्प्यांचं हस्तांदोलन (दोन यंत्रांनी जोडणी पक्की करणं), मग ४४३ पोर्टवर टीएलएस (मजकुराला कुलूप), मग विनंती, उत्तर, कॅशे. वीस मिनिटं बोलणारेही भेटलेत. कुठे थांबतो त्यावरून माणूस कळतो. आणि "इथून पुढे मला माहीत नाही" असं सरळ म्हणणारा मला जास्त आवडतो.

दुसरा प्रश्न: फोन आला, "इंटरनेट चालत नाही." काय कराल?

बिनतारी:
बंद करून चालू करायला सांगेन.

अनुभवी_नवशिकी:
हसू नका, ते उत्तर चुकीचं नाहीये. पण त्याआधी "एकट्याचंच बंद आहे की सगळ्यांचं?" हे विचारणारा गडी मी लगेच घेते.

जुना_खोडरबर:
शिळं होण्याच्या मुद्द्यावर माझी भर. शून्यवादींचं निम्मं खरं आहे, पण नेमकं काय शिळं होतं ते पाहा. फ्लॅश (ब्राउझरमधल्या चलचित्रांचं साधन) शिकलेल्यांचं ३१ डिसेंबर २०२० ला संपलं. पायथन २ ला त्याच वर्षी १ जानेवारीला मूठमाती मिळाली. उलट टीसीपी/आयपी अर्पानेटवर (इंटरनेटच्या पूर्वजावर) १ जानेवारी १९८३ ला आलं, ते आजही आहे. एडगर कॉडचा रिलेशनल मॉडेलवरचा (माहिती एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांत ठेवायच्या पद्धतीवरचा) लेख १९७० चा, तुमचा डेटाबेसचा विषय आजही त्याच पायावर. युनिक्सची सुरुवात १९६९ ची, लिनक्सवर तुम्ही ज्या कमांड मारता त्यातल्या कित्येक त्याच घराण्यातल्या. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात हे जुनं सामानच जास्त असतं. मुलं त्याला नाकं मुरडतात, पण टिकतं तेच.

एक सावधगिरी. आयटी आणि कॉम्प्युटर सायन्स यांची गल्लत करू नका. आयटीत गणित कमी, जोडणी-दुरुस्ती-देखभाल जास्त. द्विमान संख्या, बुलियन तर्क, थोडं संख्याशास्त्र, एवढ्यावर निभावतं. कंपायलर लिहायचं स्वप्न असेल तर हा रस्ता नव्हे.

उशिरा_आलेली:
सगळ्यांचे आभार, इतक्या उत्तरांची अपेक्षा नव्हती. गोगलगाय, काल रेकॉर्डिंग न लावता बसले. ओएसआयचे, म्हणजे नेटवर्कवरच्या संवादाच्या नमुन्याचे, सात थर लिहायचे होते. चार आठवले, त्यातला एक दोनदा. अपमानास्पद हा शब्द अगदी बरोबर निवडलात.

सर्किटराव, गृहपाठ: चालणार नाही. ६४ हे त्या ठोकळ्याचं स्वतःचं नाव आहे, यंत्राला देता येणार नाही.

आता एक कबुली. पायथनच्या शेवटच्या दोन असाइनमेंट मी चॅटबॉटकडून लिहून घेतल्या. रात्रीचे बारा वाजले होते, सकाळी द्यायच्या होत्या. मार्क चांगले पडले. प्रॅक्टिकलला तसाच प्रश्न आला तेव्हा मात्र हात लुळे पडले.

सर्किटराव:
गृहपाठ पास. दुसऱ्या भागावर बोलत नाही, आमच्या काळी आम्ही मित्राच्या फ्लॉपीवरून उतरवायचो.

शून्यवादी:
चॅटबॉटमध्ये लपवण्यासारखं काय आहे? नोकरीत सगळे तेच वापरतात. मीही वापरतो.

अनुभवी_नवशिकी:
नोकरीत वापरणारा माणूस त्याचं उत्तर वाचून "हे चुकलंय" म्हणू शकतो, म्हणून चालतं. ती नजर यायच्या आधीच वापरलं तर ती येणार कुठून?

टॅब_की_स्पेस:
माझी पद्धत सांगतो, पटली तर बघा. आधी स्वतः लिहायचं, कितीही घाण असो. अडलो की चॅटबॉटला सांगायचं, "कोड देऊ नकोस, चूक कुठल्या ओळीत आहे तेवढंच सांग." तो तरी कोड देतोच, आगाऊ आहे. मग खिडकी बंद करून आठवणीतून लिहायचं. नाही आलं तर परत. मित्र म्हणतात वेळखाऊ आहे. आहे खरं.

बिनतारी:
"आगाऊ आहे" ला +१. चुकलास म्हटलं की लगेच माफी मागतो आणि पुन्हा तीच चूक करतो. अगदी आमच्या ग्रुप प्रोजेक्टमधल्या एका सहकाऱ्यासारखा.

लिंबूटिंबू:
ग्रुप प्रोजेक्ट!! जखमेवर मीठ चोळलंत. आम्ही चौघं. एकाने लिहिलं, एकाने अहवाल टाइप केला, एकाने सादरीकरण केलं, चौथा फोटोत आहे. फाइलींची नावं फायनल, फायनल२, खरंच_फायनल. सादरीकरणाच्या दिवशी उघडली ती फायनल२. गिट, फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन, २००५ पासून जगात आहे, हे आम्हाला निकाल लागल्यावर कळलं.

जुना_खोडरबर:
लिनक्सच्या जनकाने, टॉरवाल्ड्सने, गिट लिहिलं तेच मुळी लिनक्स कर्नेलच्या (त्याच्या गाभ्याच्या) टोळीला आधीचं साधन वापरता येईना म्हणून. म्हणजे तोही एका अर्थी ग्रुप प्रोजेक्टने पिडलेलाच.

अवांतर: "बग" हा शब्द १९४७ साली हार्वर्डच्या मार्क-२ यंत्रात पतंग (किडा) सापडला तेव्हापासून आला, असं पुढच्या सत्रात कुणीतरी शिकवेलच. पतंग खरा, तो वहीत चिकटवला तेही खरं. पण यंत्रातल्या दोषाला बग म्हणायची रीत त्याआधीची. एडिसनच्या १८७८ च्या पत्रातही तो शब्द आहे. वहीतली नोंद हा त्या जुन्या शब्दावरचा विनोद होता.

बिनतारी:
खोडरबर काका, परीक्षेत हे लिहिलं तर मार्क मिळतील का?

जुना_खोडरबर:
कापतील.

तक्तेवाला:
धागा आत्ता वाचला. उशिरा_आलेली, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे कुणी नीट पाहिलेलंच नाही. चौदा वर्षं हिशेब ठेवलेत म्हणता, मग डेटाबेसमध्ये तुम्ही वर्गाच्या पुढे असायला हव्यात.

नॉर्मलायझेशनला पोरं फार घाबरतात. तुमच्या भाषेत सांगतो. बिलांचा एकच लांबलचक तक्ता आहे. प्रत्येक ओळीत ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन, वस्तू, भाव, नग. ग्राहकाने घर बदललं. आता तीनशे ओळींत पत्ता बदला. दोनशे नव्याण्णव बदलल्या, एक राहिली, आता खरा पत्ता कुठला? म्हणून ग्राहक वेगळ्या तक्त्यात, वस्तू वेगळ्या, बिल वेगळं, बिलाच्या ओळी वेगळ्या, आणि मधे नुसते क्रमांक. एक गोष्ट एकाच जागी लिहायची. पत्ता फक्त ग्राहकाच्या तक्त्यात, भाव फक्त वस्तूच्या तक्त्यात. बाकी सगळीकडे जॉइन, म्हणजे क्रमांकावरून तक्ते जोडून घ्यायचे.

उशिरा_आलेली:
तक्तेवाला, फार छान समजावलंत, पण एक शंका. भाव फक्त वस्तूच्या तक्त्यात ठेवला आणि पुढच्या महिन्यात भाव वाढला, तर गेल्या महिन्याचं बिल उघडल्यावर त्यात नवा भाव दिसेल ना? म्हणजे ग्राहकाने भरलेली रक्कम आणि बिल जुळणार नाही. आमच्याकडे असं झालं तर ऑडिटर दारातच उभा राहील. बिलावर त्या दिवशीचाच भाव राहिला पाहिजे. पत्त्याचंही तेच, माल जिथे पाठवला तो पत्ता बिलावर गोठलेला हवा.

तक्तेवाला:
... कान पकडतो.

अगदी बरोबर. "आजचा भाव" आणि "विकला तो भाव" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, दिसायला सारख्या. पहिला वस्तूच्या तक्त्यात, दुसरा बिलाच्या ओळीत. ही पुनरुक्ती नाहीच. ही चूक मी कामावर एकदा प्रत्यक्ष केलेली आहे आणि निस्तरायला आठवडा लागला होता. आज उदाहरण देताना पुन्हा तिथेच पाय घसरला.

अनुभवी_नवशिकी:
उशिरा_आलेली, "या फंदात पडायला नको होतं का" याचं उत्तर तुम्हीच वरच्या प्रतिसादात देऊन बसलाय.

सर्किटराव:
पाहिलंत? शिक्षकाला अडवून दाखवलंत. आता हिशेबवाल्यांसाठी अजून एक गंमत. पायथनमध्ये ०.१ अधिक ०.२ करून बघा.

उशिरा_आलेली:
केलं. ०.३, त्यापुढे पंधरा शून्यं आणि शेवटी एक ४. हे काय भूत आहे? अशा यंत्राच्या भरवशावर आम्ही चौदा वर्षं ताळेबंद काढले?

तक्तेवाला:
आपल्या दशमानात एक तृतीयांश कधी संपत नाही ना, ०.३३३ चालूच राहतं. तसा द्विमानात एक दशांश संपत नाही. यंत्र कुठेतरी तोडतं, तो तुटलेला तुकडा शेवटी असा डोकं वर काढतो. पैशासाठी फ्लोट, म्हणजे असा तुटका अपूर्णांक, कधीच वापरायचा नाही. पायथनमध्ये डेसिमल आहे, डेटाबेसमध्ये त्याच जातीचा प्रकार असतो. नाहीतर लहान एककात पूर्णांक ठेवायचा. हिशेबाची चांगली सॉफ्टवेअरं हेच करतात, तेव्हा तुमचे ताळेबंद सुखरूप असावेत.

पायरीवरचा:
अभ्यासाच्या पद्धतीबद्दल माझे दोन शब्द. घरच्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्स (एका संगणकात आभासी संगणक चालवणारं साधन) टाका, त्यात लिनक्सची दोन यंत्रं उभी करा. आहे त्या स्थितीचा स्नॅपशॉट घ्या, म्हणजे मोडलं तरी तिथे परतता येतं. मग मोडा. मुद्दाम. डीएनएसचा पत्ता चुकीचा टाका आणि काय बंद पडतं ते बघा. डीएनएस मेलं की संकेतस्थळं उघडत नाहीत, पण आकडी पत्त्याला पिंग केलं तर उत्तर येतं. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की मुलाखतीतला "इंटरनेट चालत नाही" वाला प्रश्न निम्मा सुटला. राउटर-स्विचसाठी पॅकेट ट्रेसर आहे, तारेवरून काय जातंय ते बघायला वायरशार्क. स्नॅपशॉट असला की मोडायची भीती जाते, आणि भीती गेल्याशिवाय हात बसत नाही.

आता तो स्नॅपशॉट घ्यायचं मी कसं शिकलो ते. दुसऱ्या वर्षाला होतो, प्रोजेक्ट द्यायला तीन दिवस. जुने लॉग पुसायचे होते. फोल्डरचं नाव, स्लॅश, तारांकन, साधी कमांड. स्लॅश आणि तारांकनाच्या मधे एक स्पेस पडली. एकच. लिनक्सला वाटलं दोन गोष्टी पुसायच्या आहेत: लॉगचा फोल्डर, आणि "इथे आहे ते सगळं". त्याने इमानेइतबारे दोन्ही पुसल्या, काही न विचारता. मी एंटर दाबलं आणि पुढचं मिनिटभर नुसता कर्सरकडे बघत होतो. तीन दिवस झोपलो नाही. प्रोजेक्ट दिला, पहिल्यापेक्षा बरा झाला होता, कारण दुसऱ्यांदा लिहिताना काय टाळायचं ते माहीत होतं.

लिंबूटिंबू:
वाचूनच घाम फुटला. आत्ता जाऊन बॅकअप घेतला.

पायरीवरचा:
कुठे घेतलात?

लिंबूटिंबू:
त्याच डिस्कवर...

पायरीवरचा:
तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी. पळा.

कुतूहल:
मध्येच विचारतो. पदवीसोबत सर्टिफिकेटही करावं का? ए-प्लस, सीसीएनए वगैरे?

सर्किटराव:
नेटवर्ककडे जायचं असेल तर सीसीएनए करा, कॉलेजचा नेटवर्किंगचा विषय संपल्या संपल्या, डोक्यात ताजं असताना. ए-प्लसला दोन परीक्षा असतात आणि ते मदतकेंद्राच्या कामासाठी बरं. दोन्हींची मुदत तीन वर्षं, पुढे नूतनीकरण. म्हणून पहिल्याच सत्रात घाईघाईने घेऊ नका, पदवी मिळेपर्यंत मुदतीचा मोठा भाग सरलेला असतो. पदवीला मात्र मुदत नसते. शून्यवादी, हा मुद्दा तुमच्यासाठी.

शून्यवादी:
नोंद घेतली.

उशिरा_आलेली:
परीक्षा झाली, निकालही लागला. धागा वर काढतेय त्याबद्दल क्षमस्व, पण हिशेब पुरा केल्याशिवाय मला चैन पडत नाही.

डेटाबेसमध्ये वर्गात दुसरी आले. प्रोजेक्ट बिलांचाच घेतला होता. सरांनी विचारलं, भाव दोन ठिकाणी का? पाच मिनिटं बोलले, त्यांनीच थांबवलं. नेटवर्किंग चांगलं गेलं. सबनेटिंगची दोनशेच्या वर गणितं केली, जुन्या बिलांच्या पाठकोऱ्या कागदांवर. ऑपरेटिंग सिस्टिममध्ये मधली. पायथनमध्ये काठावर. रिकर्शनचा, म्हणजे स्वतःलाच बोलावणाऱ्या फंक्शनचा, प्रश्न आला आणि पुन्हा तीच कोरी पाटी. त्या दोन असाइनमेंटपैकी एक रिकर्शनचीच होती, हे सांगायला नकोच.

आता सुट्टीत रिकर्शनच घेऊन बसलेय, कागदावर. लेकाला एक फॅक्टोरियल समजावलं. त्याला कळलं. मला अजून पूर्ण नाही.

गोगलगाय:
समजावता आलं ना? मग अर्धी वाट झाली. आता त्याला तुम्हाला समजावायला सांगा.

शून्यवादी:
अभिनंदन, मनापासून.

एक विचारायचं होतं. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करणार होतो, पण असो, इथेच विचारतो. सर्किटरावांनी वर १०० चं उदाहरण दिलंय, त्यात ६४ चा ठोकळा कुठून आला ते मला नीट कळलेलं नाही. कामात कधी गरज पडली नाही, कुणीतरी नेटवर्क लावूनच दिलेलं असायचं.

बिनतारी:
मी काही बोलत नाही. मी इथे नाहीच.

उशिरा_आलेली:
अहो, त्यात काय लाजायचं. मी कसं लक्षात ठेवलं ते सांगते. २५६ पानांची एक खतावणी समजा, पानांना क्रमांक ० ते २५५. ती तुम्हाला चार खात्यांत सारखी वाटायची आहे. चार खाती ओळखायला दोन बिट लागतात: ००, ०१, १०, ११. अख्खी खतावणी म्हणजे /२४, त्यात हे दोन मिळवले की /२६. आता २५६ भागिले ४, प्रत्येक खात्याला ६४ पानं. पहिल्या पानावर खात्याचं नाव, शेवटचं पान सगळ्यांना सूचना द्यायला, मधली ६२ नोंदींची. पान १०० कुठल्या खात्यात? ६४ ला सुरू होतं त्या.

सर्किटराव:
वीस वर्षांत मला हे सुचलं नाही. उचलतोय, नव्या पोरांना सांगायला. शून्यवादी, १३० सांगा बघू.

शून्यवादी:
१२८ चं खातं. वापरायचे १२९ ते... थांबा, सांगू नका कुणी.

१९०. आणि १९१ सूचनेचं पान.